शून्य बघून घ्या!

पेट्रोल पंपावर गाडी लावली की नळी हातात घेतलेला मुलगा न विसरता सांगतो, ‘‘साहेब, झिरो बघा.’’ आपणही मान वळवून बघतो आणि समाधानाने ‘हो’ म्हणतो. भाजीवाली भाजी घालण्याआधी रिकामी पारडी समपातळीत आहेत हे दाखवते. ‘काटा मारणे’ हा शब्दप्रयोग मराठीत ज्या अर्थी इतका रुळला, त्या अर्थी मापात फसण्याचा अनुभव आपल्याला पिढ्यान्पिढ्यांचा आहे. पण तेच मोजणारे यंत्र संगणकाला जोडले आणि पडद्यावर दशांश चिन्हासह आकडा उमटला, की ही सगळी सावध माणसे एकदम निर्धास्त होतात. रिकाम्या पारड्याची आठवण कोणालाच राहत नाही.

दाबमापक यंत्रे तपासून देणे हा माझा व्यवसाय. बॉयलरपासून हायड्रॉलिक प्रेसपर्यंत नाना यंत्रांची मापके माझ्या टेबलावर येऊन गेली. त्यात शर्यतीच्या मोटारीची भर पडली ती पुण्यातल्याच एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलांमुळे. विद्यार्थ्यांनी एकच आसन असलेली छोटी शर्यतीची मोटार स्वतः आखायची, स्वतः बांधायची आणि स्वतः पळवून दाखवायची, अशा स्पर्धा असतात. १९८१ साली अमेरिकेत सुरू झालेली ही कल्पना युरोपात पसरली आणि पुढे आपल्याकडेही आली. आपल्याकडची ‘फॉर्म्युला भारत’ ही स्पर्धा कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर भरत आली आहे. रात्र रात्र वर्कशॉपमध्ये जागून, वर्गणी काढून, घरच्यांची बोलणी खाऊन ही मुले गाडी तयार करतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

या गाडीत एक लहानशी पेटी असते. तिला डेटा लॉगर म्हणतात. चाकाचा वेग, इंजिनाचे फेरे, स्टिअरिंगचा कोन असे सारे काही ती सेकंदाला अनेकदा टिपून ठेवते. त्यातच एक नोंद ब्रेकच्या दाबाची. आपण पेडल दाबतो तेव्हा मास्टर सिलिंडरमधले ब्रेक ऑइल नळीतून चाकापर्यंत दाब पोचवते. या नळीवर अंगठ्याएवढा सेन्सर बसवलेला असतो. त्याच्या आत एक पातळ पडदा असतो. दाबाने तो केसाहूनही कमी वाकतो आणि त्या वाकण्याचे विजेच्या दाबात रूपांतर होते. नेहमीच्या सेन्सरमध्ये शून्य दाबाला अर्धा व्होल्ट आणि पूर्ण दाबाला साडेचार व्होल्ट मिळतात. १०० बारच्या सेन्सरमध्ये एका बारला ४० मिलिव्होल्ट, असा सरळ हिशेब. (आपल्या मोटारीच्या टायरमध्ये साधारण २ बार हवा असते, यावरून १०० बारची कल्पना यावी.) लॉगरला दाब कळत नाही, व्होल्ट कळतात. अमुक व्होल्ट म्हणजे तमुक बार, हे माणसाने त्याला सांगावे लागते.

ही मुले माझ्याकडे आली ती भांडण घेऊनच. त्यांची एक ड्रायव्हर होती, सांगलीकडची, दुसऱ्या वर्षातली. सरावाच्या नोंदी पाहता चार-पाच फेऱ्यांनंतर सरळ रस्त्यावरही मागच्या ब्रेकचा दाब शून्यावर येत नव्हता, ४ बारवर अडून राहत होता. कप्तानाने निष्कर्ष काढला की मुलगी घाबरते आणि पाय ब्रेकवर ठेवूनच गाडी चालवते. एंड्युरन्सच्या शर्यतीतून, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरच्या सर्वांत मोठ्या परीक्षेतून, तिचे नाव काढायचे जवळजवळ ठरले होते.

‘‘काका, मी पाय उचलते हो,’’ ती म्हणाली. ‘‘पण स्क्रीनवर रेघ दिसते ना. तिच्यापुढे माझं कोण ऐकणार?’’

‘‘डेटा खोटं बोलत नाही,’’ कप्तान म्हणाला.

‘‘अरे, तो बोलतच नाही. जे व्होल्ट मिळाले ते लिहून घेतो,’’ मी म्हटले. ‘‘पुढच्या ब्रेकची रेघ दाखव बघू.’’

पुढची रेघ सरळ रस्त्यावर शून्याला टेकलेली होती. इथेच निम्मे भांडण मिटले. या मोटारींना पुढच्या आणि मागच्या चाकांसाठी दोन वेगळे मास्टर सिलिंडर असतात, पण पेडल एकच. एका आडव्या दांडीतून ते दोन्ही सिलिंडर एकदम ढकलते. पाय ब्रेकवर असता तर दोन्ही रेघा वर उचलल्या गेल्या असत्या. एकच रेघ वर राहिली, याचा अर्थ पाय निर्दोष होता.

मग उरल्या दोन शक्यता. पहिली, मागच्या नळीत खरोखरच दाब कोंडला आहे. पेडलच्या दांडीला जरासा मोकळेपणा, ज्याला मेकॅनिक ‘फ्री प्ले’ म्हणतात, तो नसेल तर सिलिंडरचा दट्ट्या पूर्ण मागे येत नाही. ऑइल टाकीत परतण्याचे भोक झाकलेलेच राहते. ऑइल तापून फुगते, त्याला जायला जागा नसते, पॅड डिस्कला घासू लागतात, त्याने ते आणखी तापते, आणि शेवटी ब्रेक जॅम होतो. दुसरी शक्यता, दाब शून्यच आहे आणि सेन्सरच उष्णतेने बहकला आहे. पडद्यावर दोन्हींचे चित्र अगदी सारखे दिसते.

कप्तानाने तोपर्यंत संगणकावरच्या ‘झिरो’ या बटणाकडे बोट नेले होते. एक कळ दाबली की ४ बार वजा होतात आणि रेघ सुतासारखी सरळ. मी त्याचा हात धरला. शून्य असणे आणि शून्य करणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. नळीत खरोखर दाब कोंडला असता, तर त्या एका बटणाने अडकत चाललेल्या ब्रेकची एकमेव खूण आपल्या हाताने पुसली असती. दाब शून्य आहे याची वेगळ्या मार्गाने खात्री पटल्यावरच शून्य करायचे, आधी नाही.

ती खात्री करण्याचा उपाय फारच घरगुती निघाला. आम्ही मागच्या कॅलिपरवरचा ब्लीडर, म्हणजे ब्रेकमधली हवा काढण्याचा स्क्रू, उघडला. आता नळी बाहेरच्या हवेला मोकळी झाली. आत दाब राहणे शक्यच नव्हते. गाडी थंड होती, पडद्यावर शून्य. मग केस वाळवायचा ड्रायर आणला आणि गरम हवा सेन्सरवर धरली. आकडा हलला. एक, दोन, तीन आणि हळूहळू चारच्या आसपास येऊन थांबला. नळी उघडी, पेडलवर कोणी नाही आणि यंत्र सांगते चार बार! सेन्सर एक्झॉस्टच्या पाइपाशेजारी बसवलेला होता, हे मग सगळ्यांच्याच लक्षात आले.

या चार बारांची किंमत एका मुलीच्या बदनामीएवढीच नव्हती. समजा, ब्रेक मारल्यावर पुढे ४० आणि मागे ३० बार दाब आहे. पुढचा वाटा ५७ टक्के. मागच्या आकड्यात खोटे ४ बार मिसळले की तो ५४ दिसतो. हलक्या ब्रेकला, पुढे १० आणि मागे साडेसात असताना, ५७चे थेट ४७ टक्क्यांच्या खाली येतात. हे पाहून कोणीही दाबाचा वाटा पुढच्या चाकांकडे सरकवणार. मग वळणाआधी पुढची चाके अकाली लॉक होणार, आणि लॉक झालेले चाक स्टिअरिंग कितीही फिरवले तरी वळत नाही.

शून्य नीट झाले तरी अर्धेच काम झाले. वरचा आकडाही तपासावा लागतो. त्यासाठी माझ्याकडे डेड वेट टेस्टर आहे. ठरावीक क्षेत्रफळाच्या दट्ट्यावर ठरावीक वजने ठेवायची; खालच्या तेलात किती दाब तयार होतो ते गणिताने कळते. तो किती अचूक असावा लागतो? पुण्यातले गुरुत्वाकर्षण प्रमाण मूल्यापेक्षा सुमारे पाव टक्क्याने कमी आहे. आम्ही तेवढाही फरक हिशेबात धरतो. या टेस्टरची तपासणी त्याहून वरच्या प्रयोगशाळेत होते, आणि ही साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते. मुलांनी सेन्सर उष्णतेपासून दूर नेला, नवा आणला, आणि चढत्या व उतरत्या क्रमाने पाच-पाच दाबांवर तो माझ्यासमोर पडताळला. त्या मुलीचे नाव यादीत परत आले. कोइमतूरला तिने आपल्या वाट्याच्या सगळ्या फेऱ्या पूर्ण केल्या.

एवढ्याशा गोष्टीचे एवढे काय, असे वाटू शकेल. ५ ऑक्टोबर २०१४ रोजी जपानमधल्या सुझुका येथे फॉर्म्युला वन शर्यतीत ज्यूल बियांकी या तरुण फ्रेंच ड्रायव्हरची मोटार ओल्या ट्रॅकवरून घसरली आणि दुसरी गाडी उचलायला आलेल्या क्रेनवर आदळली. तो शुद्धीवर आलाच नाही. जुलै २०१५ मध्ये गेला. चौकशी समितीने अहवालात नमूद केले की, मोटार ट्रॅक सोडून जात असताना त्या दोन सेकंदांत त्याने ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही पायांनी एकाच वेळी दाबले होते. जो माणूस स्वतःची बाजू कधीच सांगू शकणार नव्हता, त्याच्याविषयीची ही साक्ष. अशी साक्ष यंत्रातल्या नोंदीच देऊ शकतात, आणि तिचे मोल तितकेच, जितकी त्या सेन्सरची आधी झालेली पडताळणी.

आज आपल्याभोवती सेन्सरच सेन्सर आहेत. विजेचे मीटर, रक्तदाबाचे यंत्र, रस्त्यावरचा वेग टिपणारा कॅमेरा, कारखान्यातल्या कामगाराची हजेरी घेणारी पेटी. त्यांच्या आकड्यांवरून बिले येतात, औषधे सुरू होतात, दंड बसतात, पगार कापले जातात. यंत्रावर अविश्वास दाखवावा असे मी म्हणणार नाही. माझे तर पोटच त्याच्यावर आहे. पण समोरचा माणूस एक सांगतो आणि यंत्र दुसरे, तेव्हा माणसाला खोटे ठरवण्याआधी एक साधा प्रश्न विचारायला हवा : हे यंत्र शेवटचे केव्हा, कोणी आणि कशाशी ताडून पाहिले? उत्तर देणारा गडबडला, तर निकाल राखून ठेवावा.