सर्व संतांची पूर्वसंध्या

ऑक्टोबरच्या अखेरीस छत्तीसगडमधील भाताची शेते पिवळी पडू लागतात आणि दुर्ग-भिलाईच्या आसपासच्या गावांत कापणीची तयारी सुरू होते. याच सुमारास तेथील कॅथलिक कुटुंबांच्या दिनदर्शिकेत दोन दिवस लागोपाठ येतात : १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा आणि २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांचा. या दोहोंच्या आदल्या रात्रीचा, म्हणजे ३१ ऑक्टोबरचा, आणखी एक सण अलीकडच्या काळात चित्रपट, दूरचित्रवाणी आणि परदेशी राहणारे आप्त यांच्या वाटेने भारतातील शहरांत आला आहे. भोपळा कोरून त्यात दिवा ठेवावयाचा, मुलांनी भुताखेतांची व चेटकिणींची सोंगे घ्यावयाची आणि दारोदार जाऊन खाऊ मागावयाचा, असे त्याचे स्वरूप आहे. त्याला हॅलोविन म्हणतात. हा सण मूर्तिपूजकांच्या मृतपूजेतून निघाला असल्यामुळे ख्रिस्ती माणसाने तो पाळू नये, असे काही धर्मोपदेशक सांगतात; ही निव्वळ मुलांची करमणूक आहे, तिच्यात धर्म कशाला आणावयाचा, असे काही आईबापांना वाटते. एखाद्या सणाचा उगम हा तो पाळण्या-न पाळण्याच्या बाबतीत कितपत निर्णायक मानावा, हा या वादातील खरा प्रश्न आहे.

त्याचा विचार भिलाईच्या संदर्भात करण्याचे कारण असे की, तेथील ख्रिस्ती समाज एका मुशीतला नाही. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार होऊन येथे पोलादाचा कारखाना उभा राहिला आणि १९५९ च्या फेब्रुवारीत पहिली झोतभट्टी पेटली. त्या कामासाठी केरळ, तमिळनाडू, आंध्र, बंगाल, पंजाब, महाराष्ट्र अशा सर्व बाजूंनी माणसे आली. केरळातून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांपाशी अनेक शतकांची परंपरा होती. छत्तीसगडी ख्रिस्ती लोकांची परंपरा त्या मानाने नवी. ऑस्कर लोर या जर्मन मिशनऱ्याने १८६८ मध्ये स्थापन केलेल्या बिश्रामपूरच्या ठाण्यापासून आणि १८९९ मध्ये दुष्काळाच्या दिवसांत धमतरीला आलेल्या अमेरिकन मेनोनाइट मिशनपासून तिचा आरंभ सांगता येतो. जशपूरकडील उरांव ख्रिस्ती लोकांचे चालीरीतींविषयीचे धोरण आणखी निराळे. अशा वसाहतीत एका सणाविषयी विचारले, तर चार घरांतून चार उत्तरे यावयाची.

प्रथम उगमाकडे वळू. हॅलोविन या शब्दातच 'सर्व पवित्र जनांची पूर्वसंध्या' हा अर्थ दडलेला आहे. म्हणजे नाव तरी निःसंशय ख्रिस्ती आहे. त्यामागे आयर्लंड आणि स्कॉटलंडमधील गेलिक लोकांचा एक जुना सण होता, असे मानतात. त्याच्या नावाचा उच्चार साधारणपणे 'साविन' असा होतो. (छत्तीसगडमधील सावन महिन्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. परंतु उगम शोधताना असल्या उच्चारसाम्यांनी भल्याभल्यांना चकविले आहे, म्हणून येथेच सावध केलेले बरे.) कापणी संपून हिवाळा लागण्याचा हा संधिकाल. गुरे कुरणांवरून घरी आणीत, शेकोट्या पेटवीत, आणि अदृश्य शक्ती त्या रात्री मोकळ्या फिरतात अशी समजूत असे. एवढे मध्ययुगीन आयरिश वाङ्मयावरून सांगता येते. परंतु हा सण मुख्यतः मृतांचाच होता, किंवा तो सर्व केल्टिक जमातींचा वर्षारंभ होता, ही मते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व विसाव्याच्या आरंभी जॉन रीस आणि जेम्स फ्रेझर यांच्यासारख्या विद्वानांनी मांडली, आणि पुढील लेखकांनी ती सिद्ध गोष्ट म्हणून उचलली. ब्रिटिश इतिहासकार रॉनल्ड हटन यांनी १९९६ च्या आपल्या ग्रंथात या पुराव्याची छाननी केली, तेव्हा तो किती तोकडा आहे हे दिसून आले.

चर्चने साविनवर मात करण्यासाठीच १ नोव्हेंबर हा दिवस निवडला, ही समजूतही तपासून घ्यावयास हवी. रोममधील पँथिऑन हे जुने देवालय पोप बोनिफेस चौथे यांनी ६०९ च्या सुमारास कुमारी मरिया व सर्व हुतात्मे यांना अर्पण केले, ते १३ मे रोजी. आयर्लंडमधील एका प्राचीन हुतात्मा-पंजिकेत सर्व संतांचा दिवस एप्रिलमध्ये दिलेला आहे. १ नोव्हेंबरची प्रथा इ. स. ८०० च्या सुमारास इंग्लंड आणि जर्मन प्रदेशांत रूढ होताना दिसते, आणि ८३५ मध्ये ती फ्रँक साम्राज्यात सर्वत्र लागू झाली. साविनचा सण ज्या देशात होता, त्या देशाने ही तारीख दिली नाही, असाच याचा अर्थ होतो. सर्व मृतात्म्यांचा दिवस त्याहूनही उशिराचा. क्लूनीच्या मठाचे अधिपती ओडिलो यांनी दहाव्या शतकाच्या अखेरीस तो आपल्या मठांत सुरू केला. पुढे इंग्लंडमध्ये गरीब लोक व मुले या दिवसांत दारोदार जात, मृतांसाठी प्रार्थना करण्याचे कबूल करीत आणि त्याबद्दल लहान पोळ्या घेत. आयरिश स्थलांतरितांनी एकोणिसाव्या शतकात या सणाचे अवशेष अमेरिकेत नेले. मायदेशी ते सलगम कोरीत असत; तेथे त्यांना मोठा आणि मऊ भोपळा सापडला. खाऊ द्या नाहीतर खोडी काढू, ही मुलांची धमकी तर विसाव्या शतकातली, म्हणजे मोटारगाडीपेक्षाही अलीकडची आहे.

तेव्हा 'मूळ अख्रिस्ती, म्हणून वर्ज्य' या युक्तिवादाचा पायाच पक्का नाही. पण वादापुरता तो पक्का मानला तरी अडचण संपत नाही, कारण ही कसोटी एकदा हाती घेतली की ती कोठे थांबवावयाची हे सांगता येत नाही. मॅसॅच्युसेट्समधील प्युरिटनांनी ती प्रामाणिकपणे लावली आणि १६५९ मध्ये नाताळ साजरा करणाऱ्यास दंड ठरविला. तो कायदा १६८१ पर्यंत टिकला. आपल्याकडे गोव्यात इन्क्विझिशनने १७३६ च्या हुकुमाने लग्नातील हळद, गाणी, दारातील तुळस, इतकेच नव्हे तर धोतर-चोळीपर्यंतच्या गोष्टी ख्रिस्ती घरांतून हद्दपार करू पाहिल्या.  'रोस' या नावाने नारळाचा रस अंगाला चोळण्याचा विधी मात्र गोव्याच्या ख्रिस्ती घरांत आजही नांदतो आहे.

याच्या उलट दिशेचा दाखला चर्चच्या इतिहासात फार जुना आहे. पोप ग्रेगरी पहिले यांनी ६०१ मध्ये इंग्लंडला निघालेल्या मेलिटस यांना पत्र लिहिले, ते बीड या मठवासी इतिहासकाराने जतन केले आहे. मूर्ती काढाव्या पण देवळे पाडू नयेत, पवित्र पाणी शिंपडून ती उपासनेसाठी वापरावी आणि लोकांना त्यांच्या मेजवान्या हुतात्म्यांच्या दिवशी करू द्याव्या, असा त्याचा आशय होता. वसईच्या आणि मुंबईच्या ईस्ट इंडियन समाजाचा आगेरा याच जातीचा आहे. ऑक्टोबरमध्ये नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत देवळात आणून त्यांच्यावर आशीर्वाद मागतात. नव्या धान्याचा उत्सव ख्रिस्ती धर्माहून जुना आहे हे त्यांच्यापैकी कोणीही नाकारणार नाही.

मराठी वाचकाला येथे रेव्हरंड नारायण वामन टिळक आठवल्याशिवाय राहणार नाहीत. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जात असताना आगगाडीत भेटलेल्या एका युरोपीय गृहस्थाने त्यांना 'नवा करार' वाचावयास दिला. ते राजनांदगाव भिलाईच्या पश्चिमेस त्याच लोहमार्गावर आहे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर टिळकांनी कीर्तन आणि अभंग टाकून दिले नाहीत, उलट ते ख्रिस्ती उपासनेत आणले. कीर्तनाचा उगम कोठला, हे त्यांना कोणी सांगावयास नको होते.

मग उगमाला काहीच महत्त्व नाही काय? पौलापुढे हाच प्रश्न निराळ्या रूपात आला होता. करिंथ नगराच्या बाजारात विकले जाणारे मांस बहुधा मूर्तीला दाखविलेले असे. ते खावे की नाही? करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आठव्या ते दहाव्या अध्यायांत त्याने दिलेले उत्तर दुपदरी आहे. मूर्ती म्हणजे काहीच नव्हे, तेव्हा बाजारातले मांस चौकशी न करता खावे. मात्र देवळातल्या पंक्तीला बसून तेथल्या पूजेत सहभागी होऊ नये, आणि आपल्या खाण्यामुळे दुबळ्या मनाच्या बंधूला ठेच लागत असेल, तर न खाणेच बरे. मांस कोठून आले यापेक्षा आपण ते कोणाच्या पंक्तीला खातो आणि त्याचा परिणाम शेजारच्या माणसावर काय होतो, यावर त्याचा भर आहे. माझ्या मते हॅलोविनचा निर्णयही येथेच लागतो, आणि त्यासाठी आयर्लंडला जाण्याची गरज नाही. भिलाईच्या भोवतालची खेडी पुरेशी आहेत.

छत्तीसगडमध्ये हरेली नावाचा सण असतो. उत्तरेकडील गणनेप्रमाणे ती श्रावणातली अमावास्या. महाराष्ट्रातील गणनेने आषाढी, म्हणजे आपल्या दिव्यांच्या अवसेचाच दिवस. शेतकरी नांगर, कुदळी, फावडी धुऊन त्यांची पूजा करतात, मुले 'गेडी' नावाच्या बांबूच्या उंच पायांवर चालतात. राऊत घरोघर कडुलिंबाची डहाळी खोचतो आणि लोहार दाराच्या चौकटीत लोखंडी खिळा ठोकून जातो. दोघांनाही धान्य मिळते. हा बंदोबस्त टोनहीसाठी असतो. टोनही म्हणजे चेटकीण. त्या रात्री ती मंत्र साधण्यास बाहेर पडते, अशी समजूत आहे. युरोपातही दारावर लोखंडी नाल ठोकीत. जेथे भट्ट्यांतून लोखंडाचे पाट वाहतात, त्या नगराच्या शिवेवर एका खिळ्याचा एवढा धाक असावा, याची गंमत वाटते. आणि पौषी पौर्णिमेच्या छेरछेऱ्याला मुले झोळ्या घेऊन दारोदार नवे धान मागत हिंडतात. कोणी कोणाचे पाहून केलेले नाही. कोठार भरले की दारी आलेल्याला मूठभर द्यावे, ही बुद्धी शेतकऱ्याला कोठेही सुचते. ख्रिस्ती घराने छेरछेऱ्याच्या मुलांना सूपभर धान घातले, तर त्यात हरकत घेण्यासारखे मला काही दिसत नाही.

टोनहीची गोष्ट मात्र वेगळी आहे, कारण ती कल्पनेत राहत नाही. गावात मूल आजारी पडले, गाय आटली, की बोट एखाद्या बाईकडे वळते. ती बहुधा विधवा, एकटी, किंवा जिच्या जमिनीवर कोणाचा डोळा आहे अशी असते. तिला मारहाण झाल्याची, गावाबाहेर काढल्याची, जिवे मारल्याचीही प्रकरणे न्यायालयांपुढे आली आहेत. त्यामुळेच राज्याला २००५ मध्ये टोनही प्रताडना निवारण अधिनियम करावा लागला. एखाद्या व्यक्तीला टोनही ठरविणे हाच त्यात तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाचा अपराध आहे आणि तिचा छळ केल्यास शिक्षा पाच वर्षांपर्यंत जाते. महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये केला, तो डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर.

हॅलोविनमधली टोकदार टोपीची, केरसुणीवर बसलेली म्हातारी कोठून आली, हेही या ठिकाणी ध्यानात घ्यावे. पंधराव्या ते अठराव्या शतकांत युरोपात सुमारे चाळीस ते पन्नास हजार माणसांना चेटकाच्या आरोपावरून देहान्ताची शिक्षा झाली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. शिक्षा देणारे ख्रिस्ती होते, कॅथलिकही आणि प्रॉटेस्टंटही. त्या देशांत ती भीती मेली, म्हणून तिचे खेळणे झाले. अमेरिकेतल्या मुलाने चेटकिणीचे सोंग घेतले तर आज तेथे कोणाच्या जिवावर बेतत नाही. धमतरीच्या किंवा बालोदच्या वाटेवरच्या खेड्यात ती भीती अजून जिवंत आहे. तेथून शहरात कामाला येणाऱ्या बाईने मालकाच्या मुलीच्या अंगावर टोनहीचा वेष पाहिला, तर तिला तो खेळ वाटेलच असे नाही. पौलाने सांगितलेला दुबळा बंधू येथे कदाचित भगिनी आहे, आणि दुबळी आहे ती तिची श्रद्धा नसून गावातील तिची जागा.

तेव्हा ख्रिस्ती घरात भोपळा कोरण्यास माझी हरकत नाही. मुलांना संतांचे वेष देण्याची जी प्रथा काही चर्चमध्ये आहे, ती या रात्रीच्या नावाला अधिक शोभते, जरी कोणत्याही दहा वर्षांच्या मुलाला सांगाड्याचा वेष अधिक आवडणार हे उघड आहे. सांगाडा व्हावे, तो तर आपण सारेच व्हावयाचे आहोत. चेटकीण मात्र या मुलखात सोंगातून वगळावी. सणाचा उगम शुद्ध-अशुद्ध काही असो, या एका बाबतीत मला शंका नाही.

लूथरपंथीय घरांपुरता ३१ ऑक्टोबरला आणखी एक अर्थ आहे. १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथर यांनी विटेनबर्गला आपले ९५ सिद्धांत याच दिवशी मांडले. दुसऱ्या दिवशी सर्व संतांच्या सणासाठी तेथील चर्चमध्ये मोठी गर्दी होणार होती. मृतांसाठी प्रार्थना करण्याची प्रथा ल्यूथरनंतरच्या चर्चांनी सोडली, त्यामुळे २ नोव्हेंबरला कबरस्तानात दिसतात ती मुख्यतः कॅथलिक कुटुंबे. इतर अनेक जण आपल्या कबरींकडे ईस्टरच्या पहाटे जातात.

२ नोव्हेंबरच्या दुपारपासून कबरींवरचे गवत उपटणे, दगड धुणे, चुना देणे चालू असते. दिवाळीच्या हंगामामुळे बाजारात झेंडू मुबलक असतो, तोच येथेही वाहतात. अंधार पडू लागला की मेणबत्त्या लागतात, धर्मगुरू ओळीओळीने पवित्र पाणी शिंपडीत जातात आणि मोठी माणसे आपापल्या मृतांपाशी उभी राहून प्रार्थना म्हणतात. मुले त्या भुतांच्या राज्यात निर्धास्तपणे हिंडत, ओघळलेले कोमट मेण गोळा करून त्याचे चेंडू वळीत असतात.