दवाखान्यात पोचण्याआधीचे उपचार

वस्तीत कोणी कोसळले की आपण आधी गाडी शोधतो. रिक्षा आणा, उचला, दवाखान्यात न्या. उपचार तिथे गेल्यावर सुरू होतील, असे आपण धरून चालतो. पण हृदय बंद पडले, तर चार-पाच मिनिटांतच मेंदूला इजा होऊ लागते. म्हणून दवाखान्यात पोचण्याआधीची मिनिटे सर्वांत मोलाची असतात. हे काम शिकून करता येते आणि गरिबाघरची मुलेही ते उत्तम करतात, हे अमेरिकेतल्या एका वस्तीने दाखवून दिले आहे.

पिट्सबर्ग शहरात हिल डिस्ट्रिक्ट हा कृष्णवर्णीयांची वस्ती असलेला भाग. १९६० च्या दशकात तिथे रुग्णाला न्यायला बहुधा पोलिसांची गाडी येई. पोलीस पुढे बसत, रुग्ण मागे एकटा पडून राही. काही ठिकाणी तर प्रेत नेणाऱ्या गाडीतूनच रुग्णही नेत. वाटेत उपचार नव्हतेच.

याच शहरात डॉ. पीटर सफार काम करत. तोंडाने श्वास देऊन माणूस जगवता येतो, हे त्यांनी प्रयोगांनी सिद्ध केले होते. त्यांची स्वतःची मुलगी १९६६ मध्ये दम्याच्या झटक्याने गेली. १९६७ मध्ये 'फ्रीडम हाऊस' या संस्थेबरोबर त्यांनी हिल डिस्ट्रिक्टमधल्या तरुणांना शिकवायला घेतले. त्यांतले बरेच बेकार होते, काहींचे शालेय शिक्षणही अपुरे होते. सुमारे ३०० तासांच्या अभ्यासक्रमात त्यांनी शरीररचना, प्रथमोपचार, छाती दाबून हृदय चालू ठेवणे असे सारे शिकून घेतले. रुग्णालयात उभे राहून प्रत्यक्ष कामही केले. पहिल्याच वर्षी ते सुमारे ५,८०० वेळा मदतीला धावले.

पुढे १९७२ मध्ये त्यांच्या कामाची तपासणी झाली. गंभीर रुग्णांपैकी ८९ टक्के जणांना त्यांनी योग्य उपचार दिले होते. पोलिसांच्या गाड्यांत हेच प्रमाण ३८ टक्के होते. फरक पडला तो शिक्षणामुळे. नंतर डॉ. नॅन्सी कॅरोलिन यांनी या तुकडीबरोबर काम करून जो अभ्यासक्रम तयार केला, त्याच्या आधारे देशभर पॅरामेडिक घडवले गेले.

१९७५ मध्ये मात्र शहराने ही सेवा बंद करून स्वतःची सुरू केली. अनुभवी कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांना दुय्यम कामे दिली, अनेकांना बाहेर पडावे लागले. ज्यांनी हे काम उभे केले, त्यांचे नाव कित्येक वर्षे मागेच राहिले.

आपल्याकडे आज १०८ ची रुग्णवाहिका मोफत येते. पण ती येईपर्यंत घरातल्यांनी काय करायचे, हे प्रत्येकाला माहीत हवे :

• खांदे हलवून मोठ्याने हाक मारा. प्रतिसाद नाही आणि श्वास थांबलाय किंवा अधूनमधून नुसते आचके येताहेत, तर एकाने लगेच १०८ लावावा. पत्ता सांगताना विहार, रेशनचे दुकान अशी ठळक खूण सांगा. एकाने गल्लीच्या तोंडाशी उभे राहावे.

• रुग्णाला कडक जमिनीवर उताणे झोपवा. छातीच्या मधोमध तळहाताचा मागचा भाग ठेवा, त्यावर दुसरा हात. कोपरे ताठ ठेवून छाती सुमारे ५ सेंटिमीटर खाली जाईल इतके दाबा. मिनिटाला १०० ते १२० वेळा. प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्या. दमलात तर दुसऱ्याने घ्यावे, पण थांबू नका. माणूस शुद्धीवर आला किंवा मदत पोचली, तरच थांबा.

• बेशुद्ध आहे पण श्वास नीट चालू आहे, तर कुशीवर वळवा. मार लागला असेल तर मान हलवू नका.

• तोंडात पाणी घालू नका. फिट आल्यास कांदा, चप्पल हुंगवू नका, दातांत चमचा घालू नका. गर्दी हटवा, हवा येऊ द्या.

छाती कशी दाबायची ते वाचून पूर्ण येत नाही, हाताला सवय लागते. आम्ही नर्सिंगला असताना पुतळ्यावर पुन्हापुन्हा दाबूनच शिकलो. म्हणून महिला मंडळाने आणि तरुणांनी जवळच्या आरोग्य केंद्राला किंवा नर्सिंग कॉलेजला लेखी अर्ज द्यावा आणि पुतळ्यावरचा सराव वस्तीतच मागून घ्यावा. दर गल्लीत निदान दोघांना तरी हे यायलाच हवे. त्यांतली एक बाई असावी, कारण दिवसा घरात बहुतेक वेळा बायाच असतात.