मूठभर डबी, खोलीभर ॲम्प!

माहीत आहे का? गिटारला लावतात ती जाडजूड पिन गिटारसाठी जन्मलीच नव्हती! ६.३५ मिलिमीटरची ही पिन एकोणिसाव्या शतकात टेलिफोन एक्स्चेंजच्या बोर्डासाठी बनली. ऑपरेटर ती एका भोकातून उपसायची, दुसऱ्यात खुपसायची आणि दोन अनोळखी गावं बोलायला लागायची. एक्स्चेंज गेली, ट्रंक कॉल गेले, पिन मात्र जागच्या जागी! आज ती मनमाडमधल्या एखाद्या पोराच्या हातात आहे आणि समोर आहे कुरिअरने नुकतंच आलेलं खोकं. आत काय? डिजिटल ॲम्प आणि इफेक्ट प्रोसेसर!

चला मंडळी, खोकं फोडू या.

पहिला धक्का घ्या. ही डबी तुमची गिटार ऐकत नाही, मोजते! तारेचा झंकार विजेच्या रूपात आत शिरला की त्याची मापं घेतली जातात, तीही सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा. मग आत धडाधड आकडेमोड होते आणि बाहेर पडताना आकड्यांचा पुन्हा आवाज होतो. शाळेत गणिताचा कंटाळा करणाऱ्यांनो, तुमचा आवडता डिस्टॉर्शन म्हणजे शुद्ध गणित आहे!

आणि हा ४४,१०० असा तिरपागडा आकडा आला कुठून? व्हिडिओ टेपवरून! डिजिटल आवाज साठवायला सुरुवातीला व्हिडिओ रेकॉर्डर वापरायचे. त्या टेपवरच्या चित्ररेषांमध्ये जितकी मापं बसली, त्यावरून हा आकडा ठरला. पुढे सीडीने तोच उचलला.

‘पण एवढी आकडेमोड म्हणजे आवाज उशिरा येणार ना?’ येतो की! साधारण दोन-तीन मिलिसेकंद. आवाज हवेतून सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे ३ मिलिसेकंदांत जेमतेम १ मीटर. ॲम्पपासून चार पावलं लांब उभे राहिलात तरी याहून जास्त उशीर होतो. आता गंमत बघा. मनमाडहून मुंबई सीएसएमटी रेल्वेने सुमारे २६० किलोमीटर. तुमची तार तितक्या अंतरावर ऐकू जाईल असा कान असता, तर आवाज तिथे साडेबारा मिनिटांत पोहोचला असता. पंचवटी एक्स्प्रेसला चार तासांहून जास्त लागतात!

माहीत आहे का, लिओ फेंडरला गिटार वाजवताच येत नव्हती? ज्याच्या नावाच्या गिटार आणि ॲम्पवर अर्धं जग वाजतं, तो रेडिओ दुरुस्त करायचा. मार्शल ॲम्पवाले जिम मार्शल? ड्रमर! बॉस आणि रोलँड या कंपन्यांमागचे इकुतारो काकेहाशी? घड्याळं आणि रेडिओ दुरुस्त करायचे. तेव्हा ‘मला अजून नीट वाजवता येत नाही, मशीन कशाला घेऊ?’ हा प्रश्न आजपासून बाद.

आता या डबीतला सगळ्यात मसालेदार भाग. तिच्यातले काही इफेक्ट हे बिघाडाची पोरं आहेत!

साठच्या दशकाची सुरुवात. अमेरिकेतल्या नॅशव्हिल गावी मार्टी रॉबिन्सच्या गाण्याचं रेकॉर्डिंग चाललेलं. मिक्सरचा एक चॅनेल बिघडला आणि ग्रेडी मार्टिनची बेस गिटार भुंग्यासारखी गुरगुरायला लागली. आवाज काढून टाकायचा की ठेवायचा? ठेवला! इंजिनिअर ग्लेन स्नॉडीने त्यावरून सर्किट बनवलं आणि १९६२ मध्ये मेस्ट्रो फझ-टोन हे पेडल बाजारात आलं. सुरुवातीला कुणी विचारेना. मग १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सने एका गाण्यात ते वापरलं, खरं तर तिथे पुढे ट्रम्पेट-सॅक्सोफोन घालायचे होते म्हणून नुसती जागा धरायला! ते गाणं ‘सॅटिस्फॅक्शन’. पेडल हातोहात संपलं.

गिटारवादक लिंक रे याने १९५८ मध्ये स्पीकरच्या कागदाला पेन्सिलने भोकं पाडली. किंक्स बँडच्या डेव्ह डेव्हिसने १९६४ मध्ये आपल्या स्पीकरचा कागद ब्लेडने फाडला. दोघांनाही हवा होता फाटका आवाज. तुमच्या प्रोसेसरमध्ये तो नॉबच्या एका पिळात येतो, स्पीकर शाबूत ठेवून!

रिव्हर्बचं, म्हणजे आवाज घुमवणाऱ्या इफेक्टचं, तर आणखी भारी. स्प्रिंग रिव्हर्बची कल्पना बेल लॅब्जची. कशासाठी? लांबच्या टेलिफोन लाइनवर आवाजाला होणारा उशीर प्रयोगशाळेत तयार करण्यासाठी! तिथून ती हॅमंड ऑर्गनमध्ये गेली, तिथून गिटार ॲम्पमध्ये. म्हणजे पिनही टेलिफोनची, रिव्हर्बही टेलिफोनचा. राँग नंबर लागला आणि संगीताचं कल्याण झालं!

आणि १९४० च्या दशकातलं डीआर्मंड कंपनीचं ट्रेमोलो यंत्र ठाऊक आहे? आवाज थरथरावा म्हणून त्यात चक्क एक द्रव भरलेली कुपी मोटरने हलवायचे.

हेवी मेटल आवडतं? मग मनमाडकरांनो, कॉलर ताठ करा. मेटल तुमच्या गावाला नवीन नाही! मध्य रेल्वेच्या इथल्या इंजिनिअरिंग वर्कशॉपात पुलांचे लोखंडी गर्डर बनतात. आणि ब्लॅक सबाथचा टोनी आयोमी, ज्याच्यापासून हेवी मेटल सुरू झालं असं मानतात, तोही पत्र्याच्या कारखान्यातला कामगार. १७ व्या वर्षी मशीनमध्ये त्याच्या दोन बोटांची टोकं गेली. पठ्ठ्याने साबणाची प्लॅस्टिक बाटली वितळवून टोप्या बनवल्या आणि बोटांवर चढवल्या. जाड तारा झेपेनात म्हणून बँजोच्या पातळ तारा लावल्या!

बँजो म्हटलं की आपले कान टवकारणारच. पण थांबा, आयोमीचा बँजो वेगळा आणि गणपतीच्या मिरवणुकीतला आपला बँजो वेगळा. माहीत आहे का, आपला बँजो जपानी आहे? १९१२ च्या सुमारास नागोया शहरात टाइशोगोतो नावाचं वाद्य निघालं. खाली तारा, वर टाइपरायटरची असावीत तशी बटणं. भारतात त्याला बुलबुलतरंग म्हणाले आणि महाराष्ट्राच्या गल्लीत त्याचा बँजो झाला. रवी जाधव यांनी २०१६ मध्ये रितेश देशमुखला घेऊन याच नावाचा हिंदी सिनेमा केला.

आता जरा जवळ या, टेम्पोवर चढा. बँजोवाला मांडी घालून बसलाय. वाद्याला पिकअप, पिकअपमधून वायर, आणि वायर कुठे शिरते बघा. गिटारच्या प्रोसेसरमध्ये! कारण साधं आहे. बँजोची तार छेडली की सूर पटकन मरतो. ढोल, ताशा आणि जनरेटर यांच्या कल्लोळात असा सूर टिकणार कसा? म्हणून कॉम्प्रेसर आणि ड्राइव्हने तो लांबवायचा, डिलेने मधली पोकळी भरायची, ऑक्टेव्हने खालचा सूर जोडून वजन वाढवायचं. डाव्या हाताची बोटं बटणांवर धावतात, उजव्या हातात पत्ती, आणि गाणं बदललं की पायाने किंवा शेजाऱ्याच्या हाताने पॅच, म्हणजे साठवून ठेवलेली सेटिंग, बदल! हे करणाऱ्या कलाकारांना कुणी ‘साउंड डिझायनर’ म्हणत नाही. म्हणायला हवं. इफेक्टचा एवढा नेमका वापर भल्याभल्या रॉक बँडमध्ये सापडत नाही, हे माझं ठाम मत आहे.

आणि बँजोवर नागीन वाजली की रस्त्यावर लोळणारे मित्रहो, ती मूळ पुंगी पुंगी नव्हतीच! १९५४ च्या ‘नागिन’ सिनेमात ती बीन वाजली क्लाव्हियोलिन या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर. वाजवणारे होते कल्याणजी, म्हणजे पुढच्या कल्याणजी-आनंदजी जोडीतले कल्याणजी. सत्तर वर्षं आपण डोलतोय ते विजेच्या नागावर!

मुंबईचा आणखी एक किस्सा. रोलँड कंपनीने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला टीबी-३०३ नावाची डबी काढली. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून! गिटारवाल्यांनी नाक मुरडलं. पण मुंबईच्या सिनेसंगीतातले गिटारवादक चरणजित सिंग यांनी ती घेतली, जोडीला रोलँडचंच ड्रम मशीन आणि सिंथेसायझर घेतला, आणि १९८२ मध्ये दहा रागांवर डिस्को तालात अख्खा अल्बम केला. तेव्हा कुणाचं लक्ष गेलं नाही. २०१० मध्ये तो पुन्हा निघाला आणि जगभरचे डीजे थक्क! तुमच्या प्रोसेसरमधलं ‘रिदम’ हे बटण क्षुल्लक समजू नका.

बरं, डिजिटल ॲम्प आला कधी? कॅलिफोर्नियाच्या लाइन ६ कंपनीचा एक्सिस २१२ हा ॲम्प १९९६ चा, आणि लाल घेवड्याच्या आकाराचा पॉड १९९८ चा. कंपनीचं नाव ऐका! हे लोक आधी दुसऱ्या कंपन्यांसाठी कामं करायचे आणि गिटारचा प्रयोग गुपचूप चालायचा. ऑफिसात फोनच्या लाइन पाचच. बाहेरचा पाहुणा आला की रिसेप्शनिस्ट पुकारायची, ‘लाइन ६ वर फोन आहे’. कळलं! सगळ्यांनी गिटार बंद!

आता कामाचं. खोकं उघडलंय, हात शिवशिवताहेत. पण अडॅप्टर लावण्याआधी त्याचा स्टिकर वाचा. त्यावर एक छोटं चित्र असतं: मधे ठिपका, भोवती अर्धगोल, दोन्ही बाजूंना अधिक-उणेची चिन्हं. गिटार पेडलला बहुतेक ९ व्होल्ट लागतात आणि मधल्या ठिपक्याला उणे असतं. घरात पडलेला राउटरचा अडॅप्टर बहुधा १२ व्होल्टचा, मधे अधिकवाला. पिन मात्र अगदी फिट्ट बसते! बसली म्हणून लावलात तर मशीन जळू शकतं. लाइट गेली? काही छोटे प्रोसेसर चार पेन्सिल सेलवरही चालतात.

दुसरं, ट्यूनर. जवळपास प्रत्येक प्रोसेसरमध्ये असतो. सगळ्यात जाड तार ८२.४ हर्ट्झवर आली की ‘ई’ लागला. बेसूर गिटारला जगातला कुठलाही इफेक्ट सुरात आणत नाही.

तिसरं, कॅब बोलवा! ओला-उबरची नव्हे, ‘कॅबिनेट’ची, म्हणजे गिटारच्या स्पीकरपेटीची प्रोसेसरमधली नक्कल. गिटारच्या स्पीकरला साधारण ५,००० हर्ट्झच्या वरचा आवाज फारसा काढताच येत नाही, आणि तोच त्याचा गोडवा. हेडफोन किंवा मंडळाचा साउंड मात्र त्याच्या कितीतरी वर जातो. त्यामुळे डिस्टॉर्शन थेट तिथे सोडला की नुसती चिरचिर. हेडफोन किंवा मिक्सर असेल तर कॅब चालू, खराखुरा गिटार ॲम्प असेल तर बंद. नवखी मंडळी मशीन बदलायला निघतात ती बहुतेक वेळा या एका स्विचपायी!

इफेक्टचा क्रम? मनमाड जंक्शनवर राहणाऱ्यांना डबे जोडणं शिकवायला नको. आधी कॉम्प्रेसर आणि वाह, मग ड्राइव्ह, मग ॲम्प-कॅब, त्यानंतर कोरस, डिले आणि शेवटी रिव्हर्ब. रिव्हर्ब ड्राइव्हच्या आधी जोडून बघाच एकदा. सगळा चिखल! काहींना तो चिखलच आवडतो, त्यांनी खुशाल ठेवावा.

घूंऽऽ असा आवाज येतोय? माहीत आहे का, भारतात ही घूं ‘जी’ या सुराच्या आसपास असते! आपली वीज ५० हर्ट्झची आणि खालचा ‘जी’ ४९ हर्ट्झचा. अमेरिकेची वीज ६० हर्ट्झची, तिथली घूं बी-फ्लॅट आणि बीच्या मधे लोंबकळते. रेल्वेच्या २५,००० व्होल्टच्या तारेतही तेच ५० हर्ट्झ. पंख्याचा रेग्युलेटर आणि चार्जरपासून लांब बसा, गिटार धरून जागच्या जागी फिरा, एका दिशेला घूं कमी होते. उरलेली घूं ‘नॉइज गेट’ या इफेक्टवर सोपवा. आणि गिब्सनच्या सेथ लव्हरने १९५५ मध्ये या घूंवर काढलेला जालीम उपाय म्हणजे हम्बकर पिकअप.

आवाज किती? ‘स्पायनल टॅप’ या १९८४ च्या सिनेमात ॲम्पचा नॉब १० ऐवजी ११ पर्यंत जातो. बीबीसीच्या आयप्लेअरनेही मग आवाज ११ पर्यंतच ठेवला! घरी मात्र रात्री १० ते सकाळी ६ हेडफोन. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि शेजारच्या काकूंचे कान त्याहून तीक्ष्ण.

आणि हो, कंपनीने भरून दिलेले पॅच ऐकून घाबरू नका. दुकानात गिऱ्हाइकाने ‘वा’ म्हणावं म्हणून ते भडक भरलेले असतात. रिकामा पॅच घ्या. एकच ॲम्प. बेस, मिडल, ट्रेबल मधोमध. गेन निम्म्याच्या खाली. थोडासा रिव्हर्ब, बस! याच एका आवाजावर आठवडाभर वाजवा, मग बाकीची बटणं उघडा.

नाव द्या त्या पॅचला, ‘मनमाड’! आणि सेव्हचं बटण न विसरता दाबा, कारण बऱ्याच मशीनमध्ये सेव्ह न करता पुढच्या पॅचवर गेलात की केलेलं सगळं पुसलं जातं.