फाळक्यांकडे ‘नंतर’ नव्हतं

सिनेमाच्या सेटवर मला सगळ्यात जास्त छळणारं वाक्य म्हणजे, ‘ते व्हीएफएक्समध्ये करून घेऊ.’ मागे विजेचा खांब आला, हिरव्या पडद्याला सुरकुत्या पडल्या, ऊन उतरलं, तरी उत्तर एकच. मी गोरेगावात कंपोझिटर म्हणून काम करते. वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या जागी चित्रित झालेले तुकडे एका फ्रेममध्ये असे बसवायचे, की सगळं एकाच क्षणी घडलंय असं वाटावं, हे माझं काम. म्हणूनच, ज्यांना ‘नंतर’ नावाची सोयच नव्हती त्या दादासाहेब फाळक्यांबद्दल लिहावंसं वाटतं.

१९१२ मध्ये फाळके लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. भांडवल घालणाऱ्यांना पटवण्यासाठी त्यांनी वाटाण्याचं रोप निवडलं. बी पेरल्यापासून महिनाभराहून अधिक काळ थोड्या थोड्या फ्रेम टिपत राहिले आणि ‘अंकुराची वाढ’ तयार झाली. तेव्हाच्या कॅमेऱ्याचं हँडल हाताने फिरवायचं. सेकंदाला दोन फेरे, एका फेऱ्यात साधारण ८ फ्रेम, म्हणजे सेकंदाला १६. मिनिटाचं चित्र हवं तर ९६० फ्रेम. दोन फ्रेममधला काळ गाळला की पडद्यावर रोप सरसर वाढतं. युक्ती एवढीच, पण तेवढे दिवस कॅमेरा जागचा हलता कामा नये, उजेड बदलता कामा नये.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. त्याच्या शेवटी शंकर प्रकट होतात. असा देव आणायचा तर कॅमेरा थांबवायचा, बाकीच्या नटांनी आहे तसंच उभं राहायचं, देवाने चौकटीत येऊन उभं राहायचं आणि हँडल पुन्हा फिरवायचं. कुणाचा हात जरी हलला तरी पडद्यावर झटका बसतो आणि देव आल्याऐवजी फिल्म तुटल्यासारखी वाटते.

‘श्रीकृष्ण जन्म’ १९१८ चा. त्यात कंसाचं शिर धडापासून सुटतं. त्या काळी अशा दृश्यांचा आधार होता काळा रंग. काळ्या कापडावरून उजेड परतत नाही, त्यामुळे फिल्मचा तेवढा भाग कोराच राहतो. मग फिल्म मागे गुंडाळायची आणि त्या कोऱ्या जागेत दुसरं चित्र घ्यायचं. हे करताना दुसरं चित्र कुठे पडतंय ते दिसत नाही. फेरे मोजायचे, जागा आखून ठेवायच्या आणि अंदाजावर नव्हे, हिशेबावर भरवसा ठेवायचा. चुकलं तर पहिलं चित्रही वाया.

ही शिस्त फाळक्यांत आली कुठून? जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते चित्रकला शिकले, फोटोग्राफी केली, जादूचे प्रयोग केले. पण मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो लोणावळ्याच्या रवि वर्मा छापखान्यातला अनुभव. शिळाछापात एकेक रंग वेगळा छापला जातो आणि प्रत्येक रंग आधीच्या रंगावर नेमका बसावा लागतो. केसभर सरकला की चेहरा बिघडला. घरीही तोच काटेकोरपणा होता. कच्च्या फिल्मला अंधारात भोकं पाडण्याचं काम सरस्वतीबाई फाळके करत. भोकं सारख्या अंतरावर नसतील तर चित्र थरथरतं, आणि थरथरणाऱ्या चित्रावर दुसरं चित्र बसवता येत नाही. भारतीय सिनेमातल्या चमत्कारांचं श्रेय सांगताना त्यांचं नाव वगळणं मला अन्यायाचं वाटतं.

आज काळ्या कापडाच्या जागी हिरवा पडदा आला. माणसाच्या कातडीत हिरवी छटा फारशी नसते आणि डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवर हिरवा टिपणारे बिंदू लाल किंवा निळ्याच्या दुप्पट असतात, म्हणून माणूस स्वच्छ वेगळा काढता येतो. पण नट पडद्याला खेटून उभा राहिला की हिरवा उजेड त्याच्या गालांवर, केसांच्या कडांवर चढतो. मग आम्हाला रोटो करावं लागतं, म्हणजे माणसाची कड हाताने आखायची, फ्रेम बदलली की पुन्हा सुधारायची. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर पाच सेकंदांच्या शॉटमध्ये १२० फ्रेम.

हे सगळं सेटवरच्या थोड्या काळजीने टळतं. नट पडद्यापासून दूर उभा करा. उजेड कुठून येतो, कोणती लेन्स आहे, कॅमेरा किती उंचीवर आहे, हे लिहून ठेवा. नट बाजूला झाल्यावर रिकाम्या जागेचा एक शॉट घ्या. त्याला आम्ही क्लीन प्लेट म्हणतो. नको असलेली वस्तू पुसून मागचं दृश्य भरताना ती फार उपयोगी पडते. प्रेक्षकाला हे शब्द माहीत नसतात. पण राक्षसाची सावली एकीकडे आणि नायकाची दुसरीकडे पडली, तर काहीतरी खोटं आहे हे त्याच्या डोळ्यांना लगेच कळतं. संगणक कितीही ताकदीचा असला तरी सेटवर न घेतलेला उजेड नटाच्या चेहऱ्यावर सहजासहजी चढवता येत नाही.

म्हणून दिग्दर्शकांना आणि निर्मात्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: आम्हाला पटकथेच्या बैठकीला बोलवा. चमत्कार लिहिला जात असतानाच तो कसा चित्रित करायचा ते ठरू द्या. त्यात पैसा वाचेल, कोवळ्या मुलामुलींची रात्रपाळीतली जागरणं वाचतील आणि पडद्यावरचं चित्रही खरं वाटेल. फाळक्यांना हँडल फिरवण्याआधीच पूर्ण विचार करावा लागे. आपल्याला तशी सक्ती नाही. म्हणूनच ती सवय आपण होऊन लावून घ्यायला हवी.