बातमीवर हसायचं, पण कोणावर?

भाडिपा म्हणजे 'भारतीय डिजिटल पार्टी'. घरातल्या कॉलेजच्या पोरांना हे सांगावं लागत नाही, पण वालिदैनना अजून तो एखादा राजकीय पक्ष वाटतो. नावातली गंमत तीच आहे. 2016 मध्ये सारंग साठ्ये, अनुषा नंदकुमार आणि पॉला मॅकग्लिन यांनी हे मराठी यूट्यूब चॅनल सुरू केलं. टीव्हीवर मराठी विनोद म्हणजे साडी नेसलेले पुरुष आणि अडखळत बोलणारा नोकर, असं समीकरण झालं होतं. शहरी तरुण ज्या मराठीत बोलतो त्या मराठीत त्याच्याशी कोणी बोलत नव्हतं. ती जागा यांनी घेतली.

नाव पक्षाचं असलं, तरी सुरुवातीला प्रेक्षक मिळाला तो राजकारणामुळे नाही. मिळाला एका आईमुळे. 'आई, मी आणि...' या मालिकेतली रेणुका दफ्तरदार यांची आई आणि आलोक राजवाडे यांचा मुलगा घराघरात ओळखीचे झाले. लोक एकदा आपले झाले की मग त्यांच्यासमोर अवघड विषय काढता येतो. 2019 च्या निवडणुकांच्या काळात याच मंडळींनी 'लोकमंच' नावाने नेत्यांना तरुणांसमोर बसवून प्रश्न विचारले. आधी स्वयंपाकघर, मग विधानसभा. माझ्या मते हा क्रम फार शहाणपणाचा होता.

असं जगभर होतं. अमेरिकेतला 'द डेली शो' 1996 मध्ये सुरू झाला, तेव्हा त्यात सिनेनट आणि विचित्र माणसांची टिंगल जास्त असायची. 1999 च्या जानेवारीत जॉन स्टुअर्ट आला आणि हळूहळू रोख बदलला. राजकारणी आणि बातम्या देणाऱ्या वाहिन्या हेच लक्ष्य झालं. म्हणजे ज्या रूपात आपण तो कार्यक्रम ओळखतो, ते रूप सापडायला तीन-चार वर्षं गेली. आपली मुलं दोन रील टाकतात आणि व्ह्यूज आले नाहीत म्हणून तोंड पाडून बसतात, त्यांना हे जरूर सांगा.

बातमीवरच्या विनोदाची अडचण साधी आहे: तो मासळीसारखा असतो. सकाळी ताजा, संध्याकाळी वास. शिवाय प्रेक्षकाला बातमी आधीच माहीत असावी लागते. म्हणून अशा कार्यक्रमांना काहीतरी कायम टिकणारं लागतं. पाकिस्तानच्या 'हस्बे हाल' मध्ये 2009 पासून सोहेल अहमद यांचा 'अज़ीज़ी' आहे. बातमी रोज बदलते, अज़ीज़ी तोच. आपल्याकडे वसंत सबनीसांचं 'विच्छा माझी पुरी करा' हे लोकनाट्य 1965 मध्ये आलं. त्याचे दीड हजारांच्या वर प्रयोग झाले, ते दादा कोंडके प्रयोगागणिक ताज्या घडामोडींवर नवी वाक्यं टाकत म्हणून. गोष्ट राजा, कोतवाल आणि हवालदाराचीच. टोमणा मात्र त्या आठवड्याचा.

उर्दू वाचणाऱ्या घरांना यात नवीन काही नाही. आपण 'तंज़-ओ-मिज़ाह' म्हणतो. दोन शब्द आहेत, कारण गोष्टी दोन आहेत. मिज़ाह म्हणजे नुसतं हसू, तंज़ला टोक असतं. 1877 पासून लखनौहून निघणाऱ्या 'अवध पंच' मध्ये अकबर इलाहाबादी लिहीत. इंग्रजांच्या कोर्टात न्यायाधीश असलेला हा माणूस इंग्रजी राहणीवर शेरातून टोले मारायचा. "मजाक जायज़ आहे का?" असं काही पालक विचारतात. सूरह हुजुरातमध्ये एका समूहाने दुसऱ्या समूहाची खिल्ली उडवण्याला मनाई आहे, हे आपल्याला मदरशातच शिकवलेलं असतं. तिथे हसण्यावर बंदी नाही. कोणावर हसता, हा सवाल आहे.

आणि तो सवाल आपल्या दारात येऊन गेला. मुनव्वर फारूकीला 1 जानेवारी 2021 ला इंदूरमध्ये अटक झाली. महिन्याहून जास्त तुरुंगात राहिल्यावर सुप्रीम कोर्टाने 5 फेब्रुवारीला अंतरिम जामीन दिला. तेव्हा आपण सगळे हळहळलो. मग ऑगस्ट 2024 मध्ये त्याच मुनव्वरने एका शोमध्ये प्रेक्षकांशी गप्पा मारताना कोकणी लोकांबद्दल अपशब्द वापरला, गदारोळ झाला आणि त्याने माफी मागितली. त्या शब्दात श्रीवर्धन, म्हसळा, मुरूडचे आपण मुसलमानही आलोच की! पहिल्या वेळी तो दुबळ्या बाजूला उभा होता. दुसऱ्या वेळी माइक त्याच्या हातात होता. माइक हातात आला की माणसाचं वजन बदलतं, हे विनोद करणाऱ्याने ओळखायचं असतं.

शाळेच्या गॅदरिंगला मुलं बातमीपत्राचं सोंग बसवतात, तेव्हा पहिल्या तालमीत हमखास बाहेरून आलेल्या मजुराची नाहीतर जाड्या वर्गमित्राची नक्कल असते. मी एवढंच विचारते, "तो स्वतः पहिल्या रांगेत बसला तर हसेल का?" मग खरे विषय निघतात. न आलेली एसटी. 2011 पासून चालू असलेलं मुंबई-गोवा महामार्गाचं काम. अंतुले साहेबांच्या काळापासून ऐकत आलेला रेवस-रेड्डी सागरी मार्ग. यावर गावातला हिंदू, मुसलमान, कोळी, आगरी सगळे एकाच वेळी हसतात, आणि सरपंचसुद्धा, थोडा कसनुसा.

भाडिपाच्या आईचं घर मला पुण्याचं वाटतं. हास्यजत्रेतून कोकणी हेल टीव्हीवर आला, पण कोकणी मुसलमानाच्या घरातली बोली, आखातातून येणारा फोन, गावातल्या लग्नाच्या दावतीतले रुसवेफुगवे अजून कोणी नीट दाखवलेले नाहीत. दाखवले तेव्हा अत्तर, सुरमा आणि 'अरे मियाँ' यापुढे गाडी गेली नाही. ते बाहेरचे लोक करणार नाहीत, कारण त्यांना तो लहजा ऐकूच येत नाही. आपल्यातल्या कोणाला करायचं असेल तर स्टुडिओ लागत नाही. एक मोबाईल, पाच मिनिटं, आठवड्याचा एक ठरलेला वार, आणि अज़ीज़ीसारखं एक पात्र. माझं मत विचाराल तर ते पात्र आजी असावं. आमच्याकडच्या आज्या सकाळी पेपर ऐकतात आणि दुपारपर्यंत पूर्ण मंत्रिमंडळ बदलून टाकतात.