ट्रिटियमच्या हिशेबातला इलेक्ट्रॉन

मुंबईत ट्रॉम्बे येथे १९८५ साली ‘ध्रुव’ ही अणुभट्टी सुरू झाली. तिच्यात न्यूट्रॉनचा वेग कमी करण्यासाठी जड पाणी वापरतात. या पाण्यातील ड्युटेरियमचे केंद्रक एखादे वेळी न्यूट्रॉन शोषून घेते आणि ट्रिटियम तयार होते. ट्रिटियम म्हणजे एक प्रोटॉन व दोन न्यूट्रॉन असलेला हायड्रोजन. तो किरणोत्सारी असून त्याचा अर्धायुकाल १२.३ वर्षे आहे. त्याच्या केंद्रकातील एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, इलेक्ट्रॉन व प्रतिन्यूट्रिनो बाहेर पडतात आणि हेलियम-३ उरतो. यालाच बीटा ऱ्हास म्हणतात.

यात किती ऊर्जा मिळते? पुण्यात काही शिक्षकांबरोबर आम्ही हे गणित सोडवायला बसलो, तेव्हा निम्म्या वह्यांत उत्तर ऋण आले. म्हणजे हा ऱ्हास घडूच शकत नाही! पण तो तर घडतो. मग चूक कुठे झाली?

कोष्टकातील वस्तुमाने पाहू (अणुवस्तुमान एककात):

ट्रिटियम : ३.०१६०४९२८
हेलियम-३ : ३.०१६०२९३२
इलेक्ट्रॉन : ०.०००५४८५८

पहिल्या दोहोंतील फरक ०.००००१९९६ आहे. त्यातून इलेक्ट्रॉन वजा केला की उत्तर ऋण येते. वजाबाकी बरोबर आहे, पण इलेक्ट्रॉन दोनदा मोजला गेला. कोष्टकात दिलेली वस्तुमाने केंद्रकांची नसून संपूर्ण अणूंची असतात. ट्रिटियमच्या अणूत एक इलेक्ट्रॉन असतो, हेलियमच्या अणूत दोन. हा जास्तीचा इलेक्ट्रॉन हेलियमच्या आकड्यात आधीच धरलेला आहे.

खात्री करायची असेल तर केंद्रकांचाच हिशेब करू. ट्रिटियममधून एक इलेक्ट्रॉन वजा केला की ३.०१५५००७० उरतात, हेलियममधून दोन वजा केले की ३.०१४९३२१६. फरक ०.०००५६८५४. आता मात्र बाहेर पडणारा इलेक्ट्रॉन वजा करायलाच हवा. उत्तर पुन्हा ०.००००१९९६!

एका एककाची ऊर्जा ९३१.४९४ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट. गुणाकार केल्यावर सुमारे १८,६०० इलेक्ट्रॉन व्होल्ट मिळतात. हायड्रोजनचा एक रेणू जळून पाणी होताना सुमारे तीनच इलेक्ट्रॉन व्होल्ट मिळतात, हे लक्षात घेतले की केंद्रकातील ऊर्जेचा अंदाज येतो.

वर्गात दोन गोष्टी सांभाळाव्यात. वस्तुमाने चार दशांश स्थळांपर्यंत घेतली, तर दोन्ही आकडे ३.०१६० होतात आणि उत्तर शून्य येते. दुसरे, पॉझिट्रॉन बाहेर पडणाऱ्या ऱ्हासात अणुवस्तुमाने वापरली तर दोन इलेक्ट्रॉनांचे वस्तुमान वजा करावे लागते. असे का, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.

ही सारी ऊर्जा इलेक्ट्रॉनला मिळत नाही. त्याच्या वाट्याला सरासरी ५,७०० इलेक्ट्रॉन व्होल्ट येतात. उरलेली बहुतेक प्रतिन्यूट्रिनो घेऊन जातो. बीटा ऱ्हासात हरवल्यासारख्या वाटणाऱ्या ऊर्जेमुळेच पाउली यांनी १९३० साली अशा अदृश्य कणाची कल्पना मांडली होती. ट्रिटियमचा इलेक्ट्रॉन हवेत जेमतेम सहा मिलिमीटर जातो. तो त्वचा भेदू शकत नाही. पण ट्रिटियमयुक्त पाणी पोटात गेले तर त्वचेचा आडोसा राहत नाही. म्हणूनच जड पाण्याजवळ काम करणाऱ्यांना ट्रिटियमवर लक्ष ठेवावे लागते.