घटस्फोटाचा हिशेब

लग्नाला खर्च किती आला, हे आपल्याकडे चारचौघांत उघडपणे विचारतात. घटस्फोटाला खर्च किती येईल, हे मात्र दबक्या आवाजात विचारले जाते, आणि तेही बहुधा उशिरा. मग कोणी वकिलाच्या फीचा आकडा सांगतो, कोणी ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण ऐकवतो, आणि विषय तेथेच संपतो. वस्तुतः हिशेबाला आरंभ तेथून व्हावयास हवा. या हिशेबाच्या वहीत तीन खाती असतात: न्यायालयाचे, काळाचे आणि दोन चुलींचे. भय वाटते ते पहिल्याचे. माणूस खचतो तो मात्र उरलेल्या दोहोंत.

हा प्रश्न नवा नव्हे. मुंबईच्या रखमाबाईंनी बालपणी झालेला विवाह मानण्याचे नाकारले. त्यावरून 1884 मध्ये सुरू झालेला दावा 1888 मध्ये मिटला, तो पती दादाजी भिकाजी यांना दोन हजार रुपये देऊन. हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा त्या वेळी येथे नव्हताच. मुंबई प्रांतात, म्हणजे आपल्या ठाणे जिल्ह्यातही, तो 1947 मध्ये झाला. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने तो देशव्यापी केला. पुढील विवेचन याच कायद्यापुरते आहे.

आता पहिले खाते. महाराष्ट्र शासनाने 1994 मध्ये पोटगी, मालमत्ता, हिंसाचार आणि घटस्फोट या बाबतींतील दाव्यांत स्त्रियांना न्यायालय शुल्क माफ केले. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यान्वये स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, विनामूल्य वकील मिळू शकतो. त्यासाठी ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावयाचा. शिवाय पती-पत्नींपैकी ज्याला पुरेसे स्वतंत्र उत्पन्न नाही, त्याला दावा चालू असतानाच दुसऱ्याकडून दरमहा निर्वाहखर्च आणि दाव्याचा खर्चही मागता येतो. हे कलम 24. नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत या अर्जाचा निकाल व्हावा, असे कायदाच सांगतो. 2003 पासून पत्नीला स्वतः राहते त्या ठिकाणच्या न्यायालयातही अर्ज करता येतो. डोंबिवलीस माहेरी आलेल्या मुलीने पतीच्या गावी खेपा घालण्याचे कारण नाही.

दुसरे खाते काळाचे. परस्पर संमतीने घटस्फोट घेण्याची सोय 1976 मध्ये झाली. त्यासाठी उभयतांनी निदान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते. पहिल्या अर्जानंतर सहा महिन्यांनी, परंतु अठरा महिन्यांच्या आत, दुसऱ्यांदा संमती द्यावी लागते. दोघे पुष्कळ काळ वेगळे राहिले असतील, आणि पोटगी, मुलांचा ताबा वगैरे सर्व प्रश्न खरोखर मिटले असतील, तर हे सहा महिनेही न्यायालय माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये ठरविले. उलट भांडून घ्यावयाच्या घटस्फोटाला किती वर्षे लागतील, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मुंबईत नोकरी करणाऱ्या कल्याणच्या माणसाची प्रत्येक तारखेला एक रजा जाते. रजा संपली की पगार कापला जातो. तारीख पुढे ढकलली गेली, तरी गेलेला दिवस परत येत नाही.

तिसरे खाते सर्वांत मोठे, आणि तेच लिहावयाचे राहून जाते. समजा, डोंबिवलीतील एका कुटुंबाचे उत्पन्न दरमहा साठ हजार रुपये आहे आणि घराच्या कर्जाचा हप्ता बावीस हजार. उरलेल्या अडतीस हजारांत एक चूल चालत होती. आता दुसरे बिऱ्हाड बारा हजार भाड्याचे घेतले, तर वर्षाला 1,44,000 रुपये नुसत्या भाड्याचे झाले. अनामत रक्कम, भांडीकुंडी आणि मुलांच्या दोन घरांमधील येण्याजाण्याचा खर्च निराळाच. निकाल लागल्यावरही हा खर्च थांबत नाही. म्हणून तडजोडीचा आकडा वकिलाच्या फीवरून नव्हे, तर या दुसऱ्या चुलीवरून काढावयाचा असतो.

कर्जाविषयी एक गैरसमज फार आढळतो. ‘हप्ते तो फेडील’ असे तडजोडीत लिहिले, म्हणजे बँकेच्या दृष्टीने पत्नी मोकळी झाली असे नव्हे. कर्जावर दोघांच्या सह्या असतील तर बँक दोघांनाही जबाबदार धरते. नाव कमी करावयाचे तर बँकेची संमती हवी. तसेच राहते घर पती-पत्नीने एकमेकांस बक्षीस दिल्यास महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क दोनशे रुपये पडते. इतर आकार वेगळे. परंतु ही सवलत नात्यामुळे आहे. हुकूमनाम्यानंतर ते नाते उरत नाही, हे ध्यानात ठेवून हस्तांतर केव्हा करावयाचे ते आधीच विचारून घ्यावे.

आता मुख्य मुद्दा. पहिल्या खात्याच्या भयाने कित्येक भगिनी ‘मला काही नको, फक्त मोकळी करा’ असे म्हणून सही करतात. काही हजारांचा खर्च वाचविण्यासाठी पुढील वीस वर्षांचा आधार त्या सोडून देतात, आणि अशी सही मागाहून फिरविणे अतिशय अवघड असते. मुलाच्या पोषणाचा हक्क मात्र मुलाचाच असतो. आईच्या सहीने तो सुटत नाही. स्त्रीधनही स्त्रीचेच राहते. पतीनेही हे समजून घेण्यात त्याचे हित आहे, कारण प्रामाणिक आकडा लवकर ठरला तर दुसऱ्या खात्यातील वर्षे त्याचीही वाचतात.

2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही पक्षांनी उत्पन्न, मालमत्ता व देणी यांचे प्रतिज्ञापत्र देणे आवश्यक ठरविले. तेव्हा वकिलाकडे जाण्यापूर्वी पगाराच्या पावत्या, बँकेची पुस्तके, कर्जाचे कागद, विमा, दागिन्यांची यादी आणि घरखर्चाचे सहा महिन्यांचे टिपण गोळा करावे. वकिलाला फी एकरकमी की तारखेगणिक, हे लेखी विचारावे. त्यात संकोच कसला? दुसरी संमती होईपर्यंत कोणताही पक्ष माघार घेऊ शकतो. म्हणून ठरलेली रक्कम केव्हा किती द्यावयाची, तेही लिहून ठेवावे.

संसार मोडावा की टिकवावा, हे वही सांगू शकत नाही. ते ज्याचे त्याने ठरवावयाचे आहे. परंतु केवळ खर्चाच्या धास्तीने कोणी मार खात घरात राहू नये, आणि केवळ रागाच्या भरात कोणी हक्कावर पाणी सोडू नये. एवढे साधले तरी हिशेब मांडल्याचे सार्थक झाले.